मनुबाईचे बेटावरचे चार दिवस

माझ्या सासूबाईंनी उभ्या जन्मात सुट्टी घेतली ती चार दिवसांची. शहाऐंशी साली, चैत्रात, मैत्रिणीच्या लग्नासाठी अर्नाळ्याच्या बेटावर गेलेल्या. त्याआधी कधी नाही, त्यानंतरही नाही. माझा नवरा नाथा झाला तेव्हा तेराव्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसल्या होत्या, असं ठाण्याच्या कोपरीतल्या जुन्या बायका मला मुद्दाम ऐकवायच्या. मला जरा डोकं दुखलं की मी आडवी होते ना, म्हणून.

मनुबाई त्यांचं नाव. ठाण्याच्या कोळ्यांतल्या. मी सगुणा, त्यांची सून, आणि मी कोळीण नव्हे. आमचं मूळ साताऱ्याकडचं, वडील डोंबिवलीला कारखान्यात होते. नाथाशी माझं लग्न जमलं ते आमचं आम्हीच जमवलेलं. दोन्हीकडच्यांनी तोंडं वाकडी केली, एकट्या मनुबाईंनी नाही. म्हणाल्या, "पोरीला कोयत्यावर मासळी कापता येते? नाय? शिकंल." झालं, एवढीच पसंती. मी त्यांना आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

त्यांचा नवरा काविळीनं गेला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या, नाथा तीन वर्षांचा. पूर्वी मिठबंदराकडून खाडीची मासळी यायची, ती विकायच्या. मग खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं, मासळीला घासलेटचा वास मारायला लागला, गिऱ्हाईक नाक मुरडायला लागलं. तेव्हापासून पहाटे लिलावात माल घ्यायचा आणि बाजारात बसायचं. मला धंदा त्यांनीच शिकवला. मासळीचे गलपे, म्हणजे कल्ले, कसे बघायचे, गिऱ्हाईक खोटं किती बोलतंय ते कसं ओळखायचं, बर्फ कुठं जास्त घालायचा. आणि एक गोष्ट तर त्यांनी माझ्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकलेली: दुसऱ्याची टोपली घरात ठेवायची नाही. माल उतरला की टोपली त्याच दिवशी, आणेल त्याच्याच हाती परत. टोपली अडकवून ठेवणाऱ्या घराला कुणी माल देत नाही, वर बाजारात नाव खराब. मी तर धुऊन द्यायची. आमच्या साताऱ्याकडं कुणाचं भांडं खरकटं परत करत नाहीत. त्यांना ते आवडायचं. "माजी सून टोपली धुऊन देते," असं चारचौघींत सांगायच्या.

आवडाबाई त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण. बाजारात शेजारची जागा तिची. तीही विधवा, मूलबाळ नाही, भावांच्या घरी राहायची. दोघी वीस वर्षं खांद्याला खांदा लावून बसल्या. एकीचं गिऱ्हाईक दुसरीनं कधी ओढलं नाही, आणि दोघी मिळून आम्हा पोरींची जी काय टिंगल करायच्या ती इथं सांगण्यासारखी नाही.

ही आवडामावशी सुकी मासळी घ्यायला अर्नाळ्याला जायची. बेटावर. तिथं मोरू म्हणून एक बायको गेलेला माणूस होता, त्याच्याकडून बोंबील घ्यायची. दोन-तीन वर्षं बोंबीलच घेत होती म्हणे. मग एक दिवस बाजारात, गिऱ्हाईकाला बांगडे देता देता मनुबाईंना म्हणाली, "मने, मी पाट लावतंय."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. लग्नासारखा त्याचा थाट नसतो. दिवेलागणीनंतर, थोड्या माणसांत लागतो. सवाष्ण बायका त्या वेळी समोर थांबत नाहीत, त्यांना ते बघायचं नसतं. नवरीपाशी उभी राहायला विधवाच लागते. आवडाबाईच्या भावांनी सांगून टाकलं, आम्ही कुणी येणार नाही. म्हणजे तिच्या बाजूनं उभं राहायला जगात एकच बाई होती.

"तू नाय आलीस तं मी एकटीच ऱ्हाईन उभी," आवडाबाई म्हणाली.

घरी नाथा तडकला. "पाटाला जातेस? लोकं काय म्हणतील? आज मैत्रिणीचा लावलास, उद्या तुझा लावतील." वागळे इस्टेटीतल्या कंपनीत नुकताच पर्मनंट झालेला, त्यामुळे लोकं काय म्हणतील हे त्याला फार कळायला लागलेलं. मनुबाईंनी भाकरी थापता थापता एवढंच म्हटलं, "माजी मैतरीण हाय." आणि गेल्या. दोन लुगडी मी पिशवीत घालून दिली. डोक्यावर काही नाही, हातात पिशवी, अशा त्या आमच्या गल्लीतून चालत गेल्या ते मला विचित्रच दिसलं. मान ताठच. टोपलीची सवय हो, दुसरं काय.

बेटावर मी नव्हते. पण आवडामावशीनं पुढं मला सगळं सांगितलं, आणि मनुबाईंनी स्वतः आल्या आल्या जे सांगितलं ते तर मी पाठच केलंय. कारण एवढं बोलताना त्यांना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

अर्नाळ्याच्या किनाऱ्याला धक्का नाही. होडीत चढायचं तर कमरेएवढ्या पाण्यातून चालत जायचं. मनुबाई कोळीण, पण खाडीची. त्यांना पायाखाली चिखल माहीत, वाळू माहीत नाही. लाट आली तशा किंचाळल्या. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई! होडीतले हसायला लागले, तशा याही हसायला लागल्या, आणि त्या गडबडीत पिशवी पाण्यात. दोन्ही लुगडी भिजली. पहिले दोन तास त्या बेटावर आवडाबाईच्या लुगड्यात फिरल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जाग आली. रोजची वेळ. उठून बसल्या आणि कळेना काय करायचं. लिलाव नाही, बर्फ नाही, पाण्याची लाइन नाही. मग कुणाच्या तरी अंगणात बायका मासळी साफ करत होत्या त्यांच्यात जाऊन बसल्या आणि कापायला लागल्या. आवडाबाईनं येऊन हातातला कोयता काढून घेतला. "अगो, पावणी हायेस तू! बस गप." मग बेटावरच्या किल्ल्याच्या तटाला वळसा घालून आल्या. देवीला नारळ ठेवला. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, सगळीकडे खारं पाणी आणि मध्येच हे गोडं, त्याचं त्यांना इतकं नवल वाटलं की तीनदा जाऊन प्यायल्या. दुपारी माडाखाली चटई टाकून झोपल्या. दुपारी झोपल्या! मला सांगताना आवाज खाली गेलेला त्यांचा, चोरी केल्यासारखा.

आणि जेवण. हे नीट ऐका. मासळी विकणारीच्या ताटात मधला तुकडा कधी येत नाही. मधले तुकडे गिऱ्हाईकाचे, घरात डोकं आणि शेपटी. वीस-बावीस वर्षं त्यांनी डोकी चोखली. बेटावर पहिल्या रात्री पंगतीत वाढणाऱ्या माणसानं त्यांच्या ताटात घोळीचा मधला तुकडा घातला. या म्हणाल्या, "मना डोकं चालंल." तो म्हणाला, "डोकं मी खाईन." आणि पुढं गेला. तिन्ही दिवस तोच वाढायला होता, तिन्ही दिवस मधला तुकडा.

हा दामाजी. मोरूचा चुलतभाऊ, पन्नाशीचा, बायको जाऊन आठ वर्षं झालेली. एक मुलगी, ती वसईला दिलेली. बोलायला कमी. जाळं विणत बसायचा आणि विणता विणता विचारायचा, वर न बघता. ठाण्याला पापलेट काय भावानं जातं. तुमची खाडी खरंच मेली का. नवरा कशानं गेला. मनुबाई उत्तरं द्यायच्या. त्यांना असं कुणी काही विचारलंच नव्हतं कधी. मीसुद्धा नाही, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आवडाबाईचा पाट लागला. सवाष्णी घरात गेल्या. मनुबाई मैत्रिणीच्या मागं उभ्या राहिल्या, तिचा पदर मोरूच्या उपरण्याला त्यांनीच बांधला. आवडाबाई म्हणते, "एक गाठ लागते, मनीनं तीन मारल्या. पाट माजा, घोर तिला."

चौथ्या दिवशी निघायच्या आधी दामाजी त्यांच्याशी बोलला. काय बोलला ते मला आठ वर्षांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर माझा गाढवपणा तुम्हाला कळायचा नाही.

तो म्हणाला, "इथं उत्तर देऊ नको. घरी जा, पोराला इचार, सुनेला इचार. नारळी पुनवेनंतर बोटी सुटतील. पयल्या भांगाला मी केशरबाईच्या हातून तुझ्याकडं एक टोपली धाडीन. यायचं आसंल तर टोपली ठेवून घे. नसंल यायचं तर टोपली परत धाड. कुणाच्या तोंडी निरोप नको, कुणाला बोलायला जागा नको."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस, जेव्हा समुद्राला ओढ नसते. आणि टोपलीच का, तर कोळ्याच्या घरात दुसऱ्याची टोपली चुकून राहत नाही. राहिली तर ती ठेवलीच म्हणून राहिली. तो माणूस शहाणा होता. त्याचा हिशेब फक्त माझ्यापाशी चुकला.

मनुबाई परत आल्या त्या काळ्या पडून आणि हसत. आठ दिवस बेटाचंच बोलणं. नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर कोलंबी सोलत होतो. मला तिसरा महिना, मळमळत होतं, मी चिडचिडलेली. त्या म्हणाल्या, "सगुणा, मी तिकडं बेटावर ऱ्हायला गेले तं?"

"जा की. किती दिवस?"

"कायमची."

"आवडामावशीकडं?"

"नाय. दामाजीकडं."

आणि मी हसले. कसं सांगू तुम्हाला. मनात वाईट नव्हतं हो. आश्चर्य वाटलं की मला हसूच येतं, शाळेत मास्तरांचा मार खाल्लाय त्यासाठी. पण हसले ती अशी की कोलंबीचं भांडं कलंडलं. वर म्हणाले, "आत्याबाई, आता बाशिंग बांधणार की काय? नातवाला करवला करू या!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्याही हसल्या. "मस्करी केली गो," म्हणाल्या, आणि सांडलेली कोलंबी गोळा करायला लागल्या.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. रात्री जेवताना नाथाला गंमत म्हणून सांगितलं. नाथा हसला नाही. ताट पुढं सरकवलं आणि आईला म्हणाला, "परत त्या बेटावर पाय ठेवायचा नाही. सांगून ठेवतो." मनुबाई आमटी वाढत होत्या. वाढली, पळी ठेवली, मोरीवर गेल्या. मी नाथाशी भांडले, अरे मस्करी होती म्हणून. तो म्हणाला, मस्करी असो नाहीतर काही असो.

आषाढ गेला. श्रावण आला. मनुबाई काही बोलल्या नाहीत, पण एक बारीक गोष्ट माझ्या लक्षात आलेली: नारळी पौर्णिमेला खाडीवर नारळ सोडायला आम्ही गेलो तेव्हा त्या नेहमीसारख्या लगबगीनं परत फिरल्या नाहीत. नारळ दिसेनासा झाला तरी उभ्याच. मी म्हटलं, "चला, पाय दुखतायत माझे." मला सहावा संपत आलेला. लगेच आल्या बिचाऱ्या.

त्यानंतरचा पहिला भांग म्हणजे गोकुळअष्टमी. त्या दिवशी त्या बाजारात गेल्या नाहीत. श्रावणात तशीही मंदी, मला काही वाटलं नाही. सकाळपासून न्हाऊन, वेणी घालून ओट्यावर बसलेल्या. दहा वाजले, अकरा वाजले. गल्लीच्या तोंडाशी पोरं दुसऱ्या दिवशीच्या हंडीचा दोर बांधत होती, ते बघत होत्या. मग उठल्या. "मी जरा जाऊन येते," म्हणाल्या. कुठं ते सांगितलं नाही.

त्या गेल्या आणि अर्ध्या तासात केशरबाई आली. ही अर्नाळ्याची, मालाच्या टेम्पोतून ठाण्याला येणारी. टेम्पो वाटेत बंद पडलेला म्हणून उशीर. तिच्या डोक्यावर नवीकोरी बांबूची टोपली, वर केळीचं पान, खाली पापलेटं. अशी पापलेटं मी आजवर बघितली नाहीत, आरशासारखी.

"दामाजीनं धाडलीयत मनुबाईला," ती म्हणाली.

मी म्हटलं, चांगला माणूस आहे, पाहुणचार विसरला नाही. मासे परातीत काढले. टोपली घेऊन मोरीवर गेले आणि घासायला लागले.

केशरबाई दारातून म्हणाली, "टोपलीची घाई नाय गो. ठेवायची तं ठेव, असं सांगितलंय त्यानं."

"छे छे," मी म्हटलं. "आमच्या घरात दुसऱ्याची टोपली ठेवत नाहीत. तुम्हाला माहीत नाही का मनुबाईंचं घर?" किती ताठ्यानं म्हटलं मी! टोपली दोनदा धुतली, पुसली, आणि रिकामी देऊ नये म्हणून आत एक नारळ ठेवून केशरबाईच्या डोक्यावर चढवली. तिनं माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. टेम्पो थांबलेला, गेली.

मनुबाई आल्या त्या एकच्या सुमाराला. घामानं डबडबलेल्या, पदराखाली काहीतरी. परातीतली पापलेटं बघितली आणि दारातच उभ्या राहिल्या. मग इकडं बघ, तिकडं बघ. ओट्याखाली बघितलं.

"टोपली?"

"दिली परत. दोनदा धुऊन. केशरबाई म्हणत होती ठेव म्हणून, पण मी म्हटलं आमच्यात ठेवत नाहीत. नारळ पण घातला."

मी शाबासकीची वाट बघत होते. त्या खाली बसल्या. परात जवळ ओढली आणि म्हणाल्या, "बरं केलंस."

मग पदराखालचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. आत हिरव्या बांगड्या, काचेच्या, दोन्ही हातांच्या. "तुझ्या ओटीभरणाला," म्हणाल्या. मी खूश. घालायला गेले तर हातात चक्क लोंबायला लागल्या, कोपरापर्यंत वर जायच्या. मी बारीक चणीची. "काय आत्याबाई," मी खेकसले, "माप तरी बघून आणायचं! या काय माझ्या मापाच्या आहेत?" त्या म्हणाल्या, "चुकलं गो. कासारानं मोठं दिलं." आणि मी तशाच घातल्या. ओटीभरणाला त्याच घालून मिरवले.

त्यांचे हात रुंद होते. कोयता धरून धरून मनगटं जाड झालेली. त्या बांगड्या कुणाच्या मापाच्या होत्या, हे कळायला मला अक्कल नको होती, नुसते डोळे पुरले असते.

त्यानंतरची वर्षं तशीच गेली. मला मुलगी झाली, मग मुलगा. मनुबाईंनी दोघांना अंगाखांद्यावर वाढवलं. पहाटे लिलाव, दिवसभर बाजार. माझ्याशी कधी वाकड्यात बोलल्या नाहीत. उलट जरा जास्तच सांभाळून बोलायच्या, काही विचारायचं झालं तर आधी माझं तोंड बघायच्या. मला वाटायचं वयामुळे मऊ झाल्यात. मैत्रिणींना मी सांगायची, सासू असावी तर अशी, कधी स्वतःचं काही मागणं नाही.

एक्क्याण्णव साली भादव्यात केशरबाई बाजारात भेटली, मनुबाईंच्या कानाशी काहीतरी बोलली आणि गेली. मनुबाईंनी त्या दिवशी सगळा माल विकला, भाव करताना एका बाईशी भांडल्यासुद्धा. घरी आल्या, डोक्यावरून पाणी घेतलं. आणि तिथून दहा दिवस मासळी तोंडात घातली नाही. पिठलं, भात, मीठ. अकराव्या दिवशी पुन्हा न्हाल्या. मी वैतागलेली, कारण त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक. "कसला नवस बोललात आता?" म्हटलं. "हाय एक," म्हणाल्या.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या. पोटात गाठ होती. ठाण्याच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. आवडामावशी बेटावरून आली, पंधरा दिवस राहिली. केस पांढरे झालेले, पण कपाळावर कुंकू ठसठशीत. मनुबाईंचा हात धरून बसून राहायची.

एक दिवस दुपारी मनुबाईंचा डोळा लागला तेव्हा ती माझ्यामागं स्वयंपाकघरात आली. मला वाटलं चहा पाहिजे. तिनं दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "सगुणा, मेलेल्या माणसाची गोष्ट हाय, आता बोलले तं चालंल. तू ती टोपली का परत केलीस?"

मी म्हटलं, कुठली टोपली?

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्या सगळं. चौथ्या दिवशी दामाजी काय बोलला ते. टोपली परत आली तेव्हा त्यानं ती हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाला, धुऊन, नारळ घालून पाठवलीय, म्हणजे नकार पक्का. परत विचारायला जाणं बरं नव्हे. त्यानं दुसरी केली नाही. एक्क्याण्णवच्या भादव्यात छातीत कळ येऊन गेला. दहा दिवस, पिठलं-भात, सगळं माझ्या डोक्यात आपोआप लागत गेलं. बांगड्यासुद्धा. आवडामावशी रागावून आलेली, पण माझं तोंड बघितलं आणि तिचाच राग उतरला. "तुला ठावंच नव्हतं?" एवढंच म्हणाली, आणि कपाळाला हात लावला.

मी मनुबाईंपाशी गेले. जाग्या होत्या. पाय चेपायला घेतले. नडगीवर मांस म्हणून राहिलं नव्हतं.

"आत्याबाई," म्हटलं, "तुम्हाला जायचं होतं बेटावर?"

त्यांनी मान वळवली. मग म्हणाल्या, "व्हय गो. लय जायचं व्हतं."

"मग मला का नाही सांगितलंत? चार शिव्या का नाही घातल्यात?"

"कशाला? तू टोपली परत केलीस, मना कळलं. नाथाला नको, तुला नको. केशरबाईनं सांगितलं नं मना, सुनेला ठेव म्हटलं तं म्हणाली आमच्या घरात नाय ठेवत; दामाजीची टोपली, मना वाटलं खूण तुला कळली." दम लागला, थांबल्या. "तुमच्या घरात ऱ्हायचं, तुमच्या मनाइरुद्ध कसं जाणार? तू हसून सांगितलंस, मंग धुऊन सांगितलंस. मी समजले."

म्हणजे आठ वर्षं ही बाई समजत होती की मी जाणूनबुजून तिचं लग्न मोडलं. आणि आठ वर्षं माझी पोरं न्हाऊमाखू घालत होती, माझं डोकं दुखलं तर सुंठ उगाळून लावत होती, आणि त्या बांगड्याही तिनं माझ्याच ओटीत घातल्या.

मला हुंदका आवरेना. मी त्यांचे पाय धरले आणि म्हटलं, "नाही हो आत्याबाई! तुमच्या गळ्याची शपथ, मला काही माहीत नव्हतं. टोपलीचं कुणी सांगितलंच नव्हतं मला. मी आपली धंद्याची टोपली म्हणून परत दिली. खरंच ठाऊक नव्हतं हो!"

आधी समजलंच नाही त्यांना. मग समजलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाटलं आता तरी त्या सुटतील, मनातली अढी जाईल, माझ्या डोक्यावर हात ठेवतील. मी त्याचीच वाट बघत होते, आणि मला वाटतं त्या बाईवर मी केलेल्या सगळ्या अन्यायांत हा शेवटचा. कारण इतकी वर्षं निदान त्यांच्यापाशी एक कारण तरी होतं. घरानं नको म्हटलं, म्हणून गेले नाही. ते मी त्या दुपारी काढून घेतलं.

"तुला ठाऊक नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो."

"मंग मी गेले असते गो," मनुबाई म्हणाल्या. "टोपली का परत केलीस ते मी तुला इचारलं असतं तं मी गेले असते."

आणि त्या रडायला लागल्या. दहा वर्षांत मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आवडामावशी धावत आली, नाथा आला, मला विचारायला लागला काय झालं, काय झालं. मी त्यांचे पाय चेपत राहिले.